खालचा बँड

डेव्हलपरमधून फिल्म बाहेर काढून लाल दिव्यासमोर धरली की माझे डोळे आधी खाली जातात. पार्श्वभूमी किती काळवंडली, लेन वाकड्या धावल्या का, कोपऱ्यात बुडबुड्याचा डाग उमटला का, हे सगळं नंतर. एलसी३ हे प्रथिन बघणाऱ्या माणसाची नजर, प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलच्या तळाशी दोन बारीक रेघा, म्हणजे बँड, शोधत असते. वरची एलसी३-१, खालची एलसी३-२. नमुन्यातला निळा रंग जिथून निसटायच्या बेतात असतो, त्याच्या जेमतेम वर. जेल दहा मिनिटं जास्त चालवलं तर दोन्ही रेघा खालच्या बफरमध्ये वाहून गेलेल्या असतात आणि जेलमधली प्रथिनं ज्यावर उतरवून घेतो त्या मेम्ब्रेनला, रिकाम्याच, आपण रात्रभर अँटिबॉडी पाजत बसतो. हेही मी केलं आहे.

पीएचडीची जवळजवळ दोन वर्षं मी त्या खालच्या रेघेकडे बघण्यात घालवली. त्यातले पहिले आठ महिने तिचा अर्थ उलटा लावण्यात गेले.

एलसी३ हे नावच मुळात दिशाभूल करणारं. 'लाइट चेन ३', म्हणजे तिसरी हलकी साखळी. मेंदूतल्या सूक्ष्मनलिकांना चिकटून राहणाऱ्या प्रथिनांच्या संगतीत हे चिमुकलं प्रथिन सापडलं, म्हणून नोंद तशी झाली. यीस्टमधल्या एटीजी८ या प्रथिनाचा हा सस्तन प्राण्यांतला भाऊबंद आहे आणि त्याचं खरं काम ऑटोफॅजीत आहे, हे २००० साली जपानमध्ये काबेया, योशिमोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. तोवर नाव पडून गेलं होतं. माणूस घर बदलून दुसरीकडे राहायला जातो, पत्रं मात्र जुन्याच पत्त्यावर येत राहतात, तसं.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीनं स्वतःचंच काही खाणं. पेशीची उपासमार झाली की तिच्या आत दुपदरी पडद्याची एक वाटी तयार व्हायला लागते. ही वाटी झिजलेला मायटोकॉन्ड्रिया, गुठळी झालेली प्रथिनं किंवा नुसताच पेशीद्रवाचा एक घोट कवेत घेते आणि तोंड मिटते. या बंद पिशवीला ऑटोफॅगोसोम म्हणतात. ती पुढे लायसोसोमला जाऊन मिळते. तिथं आम्ल आहे, विकरं आहेत. आतल्या मालाचे तुकडे होतात आणि सुटलेली अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. उपासमार नसतानाही हे काम मंद आचेवर चालूच असतं. ते थांबलं तर काय होतं, हे २००६ साली जपानमधल्याच दोन गटांनी उंदरांत पाहिलं. ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ किंवा एटीजी७ हे जनुक फक्त मेंदूतून काढून टाकलं, तर चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचत गेल्या आणि त्या पेशी मरू लागल्या.

एलसी३चा या गोष्टीतला भाग छोटा आहे, पण सोयीचा आहे. आधी एटीजी४ हे विकर त्याचं शेपूट कापतं आणि टोकाला ग्लायसिन उघडं पडतं. हा झाला एलसी३-१, पेशीद्रवात मोकळा फिरणारा. वाटी तयार होऊ लागली की एटीजी७ आणि एटीजी३ मिळून त्या उघड्या टोकाला फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमिन नावाचा मेदाचा रेणू जोडून देतात, आणि प्रथिन पडद्यात रुततं. हा एलसी३-२. वाटीच्या आतल्या बाजूलाही तो असतो आणि बाहेरच्याही. बाहेरचा पुन्हा कापून सोडवला जातो. आतला मात्र मालाबरोबर लायसोसोममध्ये जातो आणि पचून जातो.

गंमत अशी की मेद जोडल्यामुळे एलसी३-२ वजनानं जड असतो, तरीही जेलमध्ये तो जास्त पळतो. मेदाच्या शेपटीला एसडीएस हे जेलमधलं साबणासारखं द्रव्य जास्त चिकटतं, त्यामुळे त्याला ओढ जास्त बसते, असं म्हणतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वजनं दाखवणाऱ्या मार्करची रंगीत पट्टी दोनदा मोजून पाहिली होती. जड तो वर, हलका तो खाली, एवढा एकच नियम ज्या तंत्रात आहे, तिथं आपल्याच वाट्याला अपवाद यावा!

आता अँटिबॉडीविषयी. पाठ्यपुस्तकातला 'प्रतिपिंड' हा शब्द आम्ही लॅबमध्ये कधी उच्चारला नाही. आमच्यासाठी ती 'प्रायमरी' होती. एलसी३बी या एलसी३च्या प्रकाराच्या सुरुवातीच्या टोकाचा एक छोटा तुकडा कृत्रिमपणे बनवून सशाला टोचायचा, सशाच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ द्यायची आणि त्या रक्तद्रवातून ती गाळून घ्यायची. जी वस्तू ओळखायची ती साधारण १५ किलोडाल्टनची, आणि ओळखणारी अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची. म्हणजे चोर शोधायला त्याच्या दहापट मोठा पोलीस. शिवाय हा पोलीस एकटा दिसत नाही. सशाच्या अँटिबॉडीला धरणारी शेळीची अँटिबॉडी वर घालावी लागते, ती 'सेकंडरी'. तिच्या पाठीवर हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातून काढलेलं पेरॉक्सिडेज हे विकर बसवलेलं असतं. ल्युमिनॉल ओतलं की ते विकर प्रकाश पाडतं. आणि हे सगळे भलतीकडेच चिकटू नयेत म्हणून मेम्ब्रेन आधी तासभर दुधाच्या पावडरीत भिजवून ठेवायचं. ससा, शेळी, गाय आणि एक मुळी. एवढा गोतावळा जमवल्यावर कुठे एक रेघ दिसते.

या पद्धतीला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात तो तर सरळ शब्दखेळ आहे. १९७५ साली एडविन सदर्न यांनी डीएनएसाठी ब्लॉट काढला, आडनावावरून तो सदर्न झाला. मग आरएनएचा नॉर्दर्न. १९८१ मध्ये नील बर्नेट यांनी प्रथिनांच्या ब्लॉटला वेस्टर्न म्हणून टाकलं. विज्ञानात कंटाळवाणी नावंच टिकतात असा माझा समज होता, तो इथं चुकला.

तर माझी चूक.

मी एका रसायनाचा पेशींवरचा परिणाम बघत होते. रसायनाचं नाव महत्त्वाचं नाही, त्याचं पुढे काही झालंही नाही. पेशींना वाढत्या मात्रेत ते द्यायचं, २४ तासांनी पेशी फोडून लायसेट करायचं, १५ टक्क्यांचं जेल, ०.२ मायक्रॉनचं मेम्ब्रेन, रात्रभर थंड खोलीत रॉकरवर प्रायमरी. पहिल्याच चांगल्या ब्लॉटमध्ये खालचा बँड डावीकडून उजवीकडे पायऱ्या चढावा तसा गडद होत गेला होता. शून्य मात्रेला पुसट सावली, शेवटच्या लेनला काजळाचं बोट. अॅक्टिन, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये माल सारखा भरला का ते तपासायचं प्रथिन, सगळीकडे सारखं. इतकी देखणी फिल्म मला तोवर मिळाली नव्हती. मी ती वहीत चिकटवली आणि शेजारी लिहिलं, 'ऑटोफॅजी वाढते', पुढे दोन उद्गारचिन्हं.

त्यानंतरचे आठ महिने मी या वाक्याला आधार गोळा करत होते. पेशी वेगळ्या घेतल्या, वेळा बदलल्या. तेच. एलसी३ला हिरवी चमक जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पेशींत हिरवे ठिपके भरभरून. मोजून मोजून डोळे दुखले. सगळं एका सुरात बोलत होतं.

एकटं पी६२ ऐकत नव्हतं. पी६२ हे प्रथिन पचवायचा माल एका हातानं धरतं आणि दुसऱ्या हातानं एलसी३ला. त्यामुळे मालाबरोबर तेही पिशवीत जातं आणि पचतं. ऑटोफॅजी वाढली की पी६२ कमी व्हायला हवं, निदान वाढायला तरी नको. माझ्या ब्लॉटवर ते वाढत होतं. मी काय केलं असेल? मी पी६२ची अँटिबॉडी खराब ठरवली. ट्यूब जुनी होती, कुणीतरी बाहेर विसरली होती असं ऐकलं होतं, बँड जरा रुंद येत होता. कारणं हवी तेवढी सापडली. एलसी३ची अँटिबॉडीही त्याच डब्यात, त्याच फ्रीजरमध्ये, तितक्याच वेळा वितळून गोठलेली. तिच्यावर मात्र माझा पूर्ण भरवसा होता, कारण ती मला हवं ते सांगत होती. त्या आठ महिन्यांत मी अँटिबॉडी तपासत नव्हते, त्यांच्यातून माझ्या बाजूचे साक्षीदार निवडत होते, हे आज लिहितानाही थोडं टोचतं.

लॅब मीटिंगमध्ये मी सगळं मांडलं. आमच्या मॅडम सहसा शेवटपर्यंत ऐकून घेत. त्या दिवशी तिसऱ्याच स्लाइडला त्यांनी चष्मा काढला.

"बॅफिलोमायसिनची लेन कुठे आहे?"

"ती नाही केली मॅडम. फरक इतका स्पष्ट आहे, म्हणून..."

"फरक स्पष्ट आहे गं. कशाचा, ते स्पष्ट आहे का?"

एवढंच. त्यांनी चष्मा घातला आणि पुढची स्लाइड लावायला सांगितली. पुढच्या स्लाइडवर ठिपक्यांचे आलेख होते. ते दाखवताना मला माझाच आवाज लांबून यावा तसा ऐकू येत होता.

प्रश्न साधा आहे आणि तो मला ठाऊकही होता, वाचलेला होता. रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला तर त्याची कारणं दोन असू शकतात. घराघरांनी आज जोरात साफसफाई काढली, किंवा कचरा नेणारी गाडीच आली नाही. ढिगाचा फोटो दोन्ही वेळा सारखाच येतो. एलसी३-२चं तसंच आहे. पिशव्या जास्त बनल्या तरी तो वाढतो आणि पिशव्या लायसोसोमपर्यंत पोचून रिकाम्या होईनात तरीही वाढतो. अँटिबॉडीला फक्त आकार ओळखता येतो. समोर जे शिल्लक आहे ते ती धरते. जे पचून गेलं त्याला धरायला तिच्याजवळ हात नाही.

म्हणून बॅफिलोमायसिन. स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूपासून मिळालेलं हे द्रव्य लायसोसोममध्ये आम्ल भरणारा पंप बंद करतं. गाडी आपण मुद्दाम अडवायची आणि मग ढीग किती वाढतो ते मोजायचं. अडवल्यावर रसायन दिलेल्या पेशींत ढीग आणखी वाढला तर पिशव्या खरोखर जास्त बनत होत्या. वाढला नाही, तर गाडी आधीपासूनच अडलेली होती.

चार लेन. काहीच नाही, नुसतं बॅफिलोमायसिन, नुसतं रसायन, दोन्ही. आठ महिन्यांच्या कामाचा निकाल चार लेनमध्ये लागला. दुसरी, तिसरी आणि चौथी लेन एकमेकींपासून वेगळ्या काढता आल्या नसत्या. माझं रसायन ऑटोफॅजी वाढवत नव्हतं, ते गाडी अडवत होतं. पी६२ पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. (पी६२लाही आंधळेपणानं मानू नये. पेशीवर ताण आला की त्याचा जनुकच जास्त चालू होतो आणि मग ते वेगळ्याच कारणानं वाढतं. पण त्या वेळी तरी ते खरं बोलत होतं.)

मी तेव्हा थोडी रडले असेन, पण मनावर राहिलं ते दुसरंच. ज्या पेशीत ही व्यवस्था उत्तम चालते, जिथं पिशव्या झपाझप बनतात आणि झपाझप रित्या होतात, तिथं माझ्या फिल्मवर जवळजवळ काहीच दिसणार नाही. फिक्की रेघ. मी पेशीची सगळ्यात बिघडलेली अवस्था सगळ्यात देखणी म्हणून वहीत चिकटवली होती.

नंतर या विषयाचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की इथं ज्यांना काही दिसलं त्यांना ते अडल्यावर किंवा मोडल्यावरच दिसलं आहे. क्रिस्तियन द दुव्ह बेल्जियममध्ये उंदराच्या यकृतावर काम करत होते. आम्ल फॉस्फॅटेज या विकराचं मोजमाप अपेक्षेच्या मानानं फारच कमी आलं. नमुने फ्रीजमध्ये ठेवले, काही दिवसांनी पुन्हा मोजले, तर विकर भरपूर! ते आधीही होतं, पण पडद्याआड कोंडलेलं होतं. साठवणीत पडदे फाटले तेव्हा मोजणीत आलं. या धाग्यावरून पुढे १९५५ साली लायसोसोम हे नाव आलं. ऑटोफॅजी हा शब्दही त्यांचाच, १९६३चा. नोबेल मिळालं १९७४ मध्ये.

योशिनोरी ओसुमी यांची गोष्ट तर मला चार लेनच्या त्या ब्लॉटची थोरली बहीण वाटते. १९८८ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, टोकियोत त्यांना स्वतःची छोटी लॅब मिळाली. त्यांचं लक्ष यीस्टच्या रिक्तिकेवर होतं. यीस्टच्या पेशीत लायसोसोमचं काम हीच करते, आणि तेव्हा पेशीची कचराकुंडी यापलीकडे तिला फारशी किंमत नव्हती. साधा यीस्ट उपाशी ठेवला तर रिक्तिकेत काहीच दिसत नाही, कारण जे येतं ते लगेच पचतं. ओसुमींनी पचवणारी विकरं नसलेला यीस्ट घेतला आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांतच रिक्तिका बारीक गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत थरथरत फिरू लागले. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली! ते निरीक्षण १९९२ साली छापून आलं. पुढच्या वर्षी त्यांनी आणि त्सुकादा यांनी ज्यांच्यात हे गोळे जमतच नाहीत असे यीस्ट शोधून काढले आणि पंधरा जनुकं हाती लागली. २०१६चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. मी ज्या प्रथिनांची नावं वर एटीजी-एटीजी करत घेतली, ती या वाटेनं आलेली.

त्यांनी अडवलं, कारण बघायचं होतं. मी अडलेलं बघितलं आणि ओळखलं नाही.

मी काही एकटी नव्हते, हा दिलासा मला डॅनियल क्लायन्स्की यांनी पुढाकार घेऊन काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी दिला. ऑटोफॅजी कशी मोजावी आणि मोजलेलं कसं वाचावं यासाठी जगभरच्या संशोधकांनी मिळून लिहिलेला हा लेख. २००८ मध्ये पहिला आला, मग २०१२, २०१६ आणि २०२१. शेवटचा ३८२ पानांचा आहे. एका खालच्या रेघेवर इतकी पानं लिहावी लागतात, म्हणजे चुकणाऱ्यांची संख्या चांगलीच असणार. एलसी३-१शी गुणोत्तर काढू नका, तो नमुना गोठवून वितळवल्यानं झिजतो आणि बऱ्याच अँटिबॉडी त्याला एलसी३-२इतक्या घट्ट धरतही नाहीत. तुलना अॅक्टिनसारख्या प्रथिनाशी करा. हिरवे ठिपके म्हणजे नेहमीच ऑटोफॅगोसोम नव्हेत. वाचताना दर दोन पानांमागे माझी एकेक फिल्म डोळ्यांसमोर येत होती.

यानंतर अँटिबॉडीशी माझं नातं बदललं. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. पण आता तिला प्रश्न विचारावेसे वाटू लागले. तेवढ्यात ती संपली. त्याच क्रमांकाची नवी ट्यूब मागवली, लॉट मात्र वेगळा. पहिल्याच ब्लॉटवर दोन रेघांच्या वर तिसरी एक जाडजूड रेघ, आणि खालच्या दोघी फिकट. विकणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, ब्लॉकिंग, म्हणजे ते दूध, बदलून बघा. बदललं. तिसरी रेघ हटली नाही. पॉलिक्लोनल अँटिबॉडी म्हणजे एका सशाच्या रक्तातल्या अनेक अँटिबॉडींचं मिश्रण. तो ससा जाईपर्यंत ते मिश्रण मिळतं. दुसरा ससा म्हणजे दुसरं मिश्रण. आमच्या जुन्या ट्यूबमधला ससा केव्हाच गेला होता आणि आम्ही त्याच्या रक्तावर आणखी दोन वर्षं निष्कर्ष काढत होतो. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची अँटिबॉडी अखंड बनवणाऱ्या पेशी तयार करायची युक्ती काढली. आता तर अँटिबॉडीचा जनुकक्रमच लिहून ठेवता येतो आणि हवी तेव्हा ती नव्यानं बनवता येते. माझं मत विचाराल तर ज्या अँटिबॉडीवर प्रबंध उभा करायचा आहे, ती क्रम ठाऊक असलेलीच घ्यावी. पण आमच्या फ्रीजरमध्ये तेव्हा सशाचीच होती.

कुठली रेघ खरी ते कसं ठरवायचं? मॅडम म्हणाल्या, "जिथं ती नसायला हवी तिथं बघ." दुसऱ्या एका लॅबकडून एटीजी५ नसलेल्या उंदराच्या पेशी मिळाल्या. एटीजी५ नसेल तर एलसी३ला मेद जोडला जात नाही. वरचा बँड राहतो, खालचा तयारच होत नाही.

या पेशी कुठून आल्या ते मी उगाचच वाचलं. २००४ साली मिझुशिमा यांच्या गटानं दाखवलं, की एटीजी५ नसलेली उंदराची पिल्लं जन्मतात वरवर ठीकठाक, पण दिवसभरात मरतात. जन्माच्या क्षणी वारेतून येणारं अन्न तुटतं आणि दूध सुरू होईपर्यंतचा काळ पिल्लू स्वतःतलंच थोडंथोडं खाऊन काढतं. एरवी कुठल्याही पिल्लात त्या काही तासांत ऑटोफॅजी उसळून येते. दूध न पाजता ठेवलेली साधी पिल्लं सुमारे २१ तास जगली, ही सुमारे १२. माझ्या हातातल्या प्लेटमधल्या पेशी तसल्याच भ्रूणांपासून वाढवलेल्या होत्या.

त्या रात्री मी फक्त दोन नमुने चालवले. साध्या पेशी आणि या पेशी, दोन्ही दोन तास उपाशी ठेवलेल्या, दोन्हींत बॅफिलोमायसिन. डार्करूममध्ये फिल्म धरली तेव्हा डोळे सवयीनं खाली गेले. डावीकडे दोन रेघा होत्या आणि वर ती तिसरी, आगंतुक. उजवीकडेही ती तिसरी तशीच, म्हणजे तिचा मेद जोडण्याशी संबंध नव्हता. तिच्याखाली एलसी३-१, नेहमीपेक्षा गडद. आणि त्याच्याखाली काहीच नाही. पुसटसुद्धा नाही. फिल्म उलटीसुलटी करून पाहिली, दिव्याच्या अगदी जवळ नेली.

सकाळी ती वहीत चिकटवली. उजवीकडच्या लेनमध्ये जिथं खालचा बँड यायला हवा होता, त्या कोऱ्या जागेभोवती पेन्सिलीनं चौकट काढली, बाजूला अँटिबॉडीचा लॉट क्रमांक लिहिला, आणि मग मागची पानं उलटून पी६२चे बाजूला टाकलेले ब्लॉट शोधायला बसले.